पू थांबला, तरी गाय उलटतच राहिली: गर्भाशयदाहानंतरच्या वंध्यत्वाचा एक प्रकरण अभ्यास

संकरित गायी पाळणाऱ्या गोठ्यांना ही परिस्थिती नवी नाही. गाय व्याल्यावर वार वेळेत पडत नाही, आठवड्याच्या आत तांबूस, पातळ आणि दुर्गंधीयुक्त स्राव सुरू होतो, अंगात ताप भरतो आणि दूध खाली येते. उपचार होतात, ताप उतरतो, स्राव हळूहळू घट्ट व पिवळसर होत शेवटी थांबतो. दोन-अडीच महिन्यांनी गाय माजावर येते, सोट (माजाच्या वेळी येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ असतो, रेतन केले जाते, आणि २१ दिवसांनी ती पुन्हा माजावर येते. अशी दोन-तीन वेळा उलटली की रेतन करणाऱ्याचा हात, वीर्यमात्रेचा दर्जा, खनिज मिश्रण आणि माज ओळखण्यातली चूक या सगळ्यांवर संशय घेतला जातो. व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्याकडे मात्र कोणी मागे वळून पाहत नाही, कारण तो आजार सर्वांच्या लेखी बरा झालेला असतो.

हा ‘बरा झालेला’ शब्द कितपत खरा आहे, हा प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत ब्रिटन आणि अमेरिकेतील काही संशोधकांनी चिकाटीने तपासला. त्यातील सर्वांत सलग धागा मार्टिन शेल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. तो लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजमध्ये सुरू झाला आणि पुढे वेल्समधील स्वान्सी विद्यापीठात वाढला. या लेखात एका गायीऐवजी त्या प्रश्नाचाच प्रकरण म्हणून अभ्यास केला आहे: गर्भाशयातील संसर्ग संपल्यावरही गाय गाभण का राहत नाही?

आधी नावे ठरवावी लागली

व्याल्यानंतर गर्भाशयमुख उघडे असते, आतील अस्तर फाटलेले असते, वारेचे अवशेष आणि रक्त आत साचलेले असते. अशा अवस्थेत पहिल्या दोन आठवड्यांत जवळपास प्रत्येक गायीच्या गर्भाशयात जिवाणू शिरतात. त्यामुळे जिवाणू सापडले म्हणून गाय आजारी, असे म्हणता येत नाही. बहुतेक गायी हा मारा स्वतःच परतवतात आणि तीन ते पाच आठवड्यांत गर्भाशय स्वच्छ करतात. काहींना ते जमत नाही. या ‘काहीं’ची व्याख्या प्रत्येक संशोधक आपापल्या सोयीने करत असल्यामुळे एका देशातील आकडे दुसऱ्या देशातील आकड्यांशी ताडून पाहणे फार काळ अशक्य होते.

२००६ मध्ये शेल्डन, लुईस, लेब्लांक आणि गिल्बर्ट या चौघांनी एकत्र येऊन व्याख्या मांडल्या. व्याल्यापासून २१ दिवसांच्या आत गर्भाशय अवाजवी मोठे असणे, दुर्गंधीयुक्त तांबूस-तपकिरी पातळ स्राव येणे आणि ३९.५ अंश सेल्सियसपेक्षा अधिक ताप असणे, याला तीव्र गर्भाशयदाह म्हणावे. २१ दिवसांनंतर योनीत पू दिसणे, किंवा २६ दिवसांनंतर पूमिश्रित श्लेष्मा दिसणे, याला गर्भाशयाच्या अस्तराचा लक्षणयुक्त दाह म्हणावे. तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. त्यात बाहेर काहीच दिसत नाही. फक्त गर्भाशयातून पेशी काढून काचपट्टीवर रंगवून पाहिल्यास न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे प्रमाण २१ ते ३३ दिवसांच्या दरम्यान १८ टक्क्यांहून, किंवा ३४ ते ४७ दिवसांच्या दरम्यान १० टक्क्यांहून जास्त आढळते. हा लक्षणरहित दाह होय.

या तिसऱ्या प्रकाराने किती नुकसान होते, हे कॉर्नेल विद्यापीठातील गिल्बर्ट यांच्या गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून पुढे आले होते. न्यूयॉर्क राज्यातील १४१ होल्स्टीन गायींच्या गर्भाशयाच्या पेशी व्याल्यानंतर ४० ते ६० दिवसांनी तपासल्या असता निम्म्याहून थोड्या अधिक गायींत दाह आढळला. पहिल्या रेतनाला गाभण राहण्याचे प्रमाण निरोगी गायींत ३६ टक्के होते, तर दाह असलेल्या गायींत ११ टक्के. ज्या सोटाकडे पाहून आपण ‘गाय स्वच्छ आहे’ असे म्हणतो, तो सोट पुरेसा साक्षीदार नाही, हे या आकड्यांवरून मान्य करावे लागते. पुढे योनीतील पू आणि गर्भाशयातील दाह या दोन गोष्टी प्रत्येक वेळी एकत्र असतातच असे नाही, हेही दिसून आले. काही गायींत पू गर्भाशयमुखाच्या किंवा योनीच्या दाहातून येतो.

अंडाशयाला बातमी कशी लागली?

प्रकरणाचा खरा गाभा इथे आहे. गर्भाशय आजारी असताना गर्भ टिकणार नाही, हे समजण्यासाठी संशोधनाची गरज नाही. पण शेल्डन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणात काही वेगळेच दिसले. व्याल्यानंतर ठरावीक दिवसांनी गर्भाशयातील नमुने घेऊन त्यांनी जिवाणूंची घनता मोजली आणि त्याच गायींची अंडाशये अल्ट्रासाउंडने पाहिली. ज्या गायींत जिवाणू जास्त होते, त्यांच्यात व्याल्यानंतरचे पहिले प्रमुख पुटक (अंडाशयातील बीज वाढवणारी द्रवभरली पिशवी) हळू वाढले आणि रक्तात इस्ट्रॅडिऑल हे माज आणणारे संप्रेरक कमी राहिले. पुटकांची नवी लाट उठवणारे एफएसएच हे संप्रेरक मात्र दोन्ही गटांत सारखेच होते, म्हणजे मेंदूकडून येणारा निरोप पोहोचत होता. बिघाड खाली, अंडाशयातच घडत होता, आणि अंडाशयात तर जिवाणू नव्हते.

जिवाणू नसताना जिवाणूंचा परिणाम कसा घडतो, याचे उत्तर रोगप्रतिकारशास्त्रातील एका वेगळ्या शोधात होते. १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने उंदरांमध्ये दाखवून दिले की ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलीसॅकराइड हा घटक ओळखण्याचे काम टीएलआर-४ नावाचा ग्राही (पेशीवरील ओळखयंत्रणेचे प्रथिन) करतो. या कामासाठी त्यांना २०११ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या शोधाचा दुभत्या गायीशी संबंध जुळायला थोडा वेळ लागला. २००६ मध्ये शान हेरथ, शेल्डन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की गायीच्या गर्भाशयाच्या अस्तरातील साध्या पेशींवरही, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी म्हणून ज्यांची गणनाच होत नाही अशा पेशींवरही, टीएलआर-४ असतो आणि तो कार्यरत असतो. कत्तलखान्यातून आणलेल्या गर्भाशयांपासून त्यांनी अस्तराच्या वरच्या थरातील आणि खालच्या आधारपेशी वेगळ्या करून वाढवल्या, त्यांतून रोगप्रतिकारक पेशी काढून टाकल्या, आणि तरीही लिपोपॉलीसॅकराइड मिळताच या पेशींनी प्रतिसाद दिला. अस्तराची प्रत्येक पेशी पहारेकरी असते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पुढचे पाऊल २००७ चे आहे आणि माझ्या मते या साऱ्या संशोधनातील सर्वांत महत्त्वाचे. गर्भाशयाचा आजार असलेल्या गायींच्या अंडाशयातील पुटकांच्या द्रवात लिपोपॉलीसॅकराइड सापडले. पुटकाच्या आतील भिंतीतल्या ग्रॅन्युलोसा पेशींवर टीएलआर-४ आणि त्याच्या सोबतीचे घटक असल्याचेही दिसले. या पेशी तो घटक ओळखत होत्या आणि प्रतिसाद म्हणून अॅरोमाटेज हे विकर कमी बनवत होत्या. अॅरोमाटेज कमी झाले की इस्ट्रॅडिऑल कमी होते. २००२ च्या निरीक्षणातील कोडे इथे उलगडते. जिवाणू अंडाशयापर्यंत गेले नव्हते, त्यांच्या आवरणाचा तुकडा गेला होता, आणि पुटकाने त्याला संसर्ग समजून आपले रोजचे काम मंदावले होते. इस्ट्रॅडिऑल कमी पडल्यावर माज मुका होतो किंवा बीज सुटतच नाही. हा तुकडा गर्भाशयातून पुटकात नेमक्या कोणत्या वाटेने जातो, याचा निकाल अजून लागलेला नाही.

पुटक फुटून बीज सुटले आणि त्या जागी पीतपिंड (प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवणारी तात्पुरती ग्रंथी) तयार झाला, तरी आणखी एक अडचण उभी राहते. निरोगी गाय गाभण राहिली नाही, तर माजचक्राच्या साधारण १६-१७ व्या दिवशी गर्भाशयाचे अस्तर प्रोस्टाग्लँडिन एफ-२-आल्फा सोडते, पीतपिंड विरघळतो आणि गाय पुन्हा माजावर येते. २००९ मध्ये हेरथ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की लिपोपॉलीसॅकराइडच्या प्रभावाखाली अस्तराच्या पेशी एफ-२-आल्फाऐवजी प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनवण्याकडे वळतात. ई-२ पीतपिंडाला विरघळवत नाही, उलट आधार देते. त्यामुळे पीतपिंड रेंगाळतो, प्रोजेस्टेरॉन चढे राहते, आणि प्रोजेस्टेरॉन चढे असताना गर्भाशयाची संसर्गाशी लढण्याची क्षमता घटलेली असते, ही गोष्ट तर १९५० च्या दशकापासून माहीत आहे. आजार टिकवणारी परिस्थिती आजारच तयार करतो. ‘व्याल्यापासून चार महिने झाले, गाय माजावरच नाही’ आणि ‘गाय माजावर येते पण उलटते’ या दोन तक्रारी आपण वेगळ्या समजतो. त्यांचे मूळ एकच असू शकते.

दुसरा जिवाणू आणि कोलेस्टेरॉल

ई. कोलाय बहुधा पहिल्या काही दिवसांत पुढे असतो. नंतर फ्युसोबॅक्टेरियम, प्रीव्होटेला यांसारखे प्राणवायूविना वाढणारे जिवाणू येतात, आणि पू व अस्तराची जखम यांच्याशी सर्वांत घट्ट नाते आहे ते ट्रूपेरेला पायोजेनिस या जिवाणूचे. जुन्या पाठ्यपुस्तकांत हाच कोरायनेबॅक्टेरियम, अॅक्टिनोमायसिस किंवा अर्कानोबॅक्टेरियम या नावांनी भेटतो. तो पायोलायसिन नावाचे विष सोडतो. हे विष पेशीच्या आवरणातील कोलेस्टेरॉलला चिकटून तिथे छिद्र पाडते.

२०१४ मधील स्वान्सीच्या अभ्यासात असे दिसले की अस्तराच्या खालच्या थरातील आधारपेशी या विषाने लवकर मरतात, तर वरच्या थरातील पेशी बऱ्याच तग धरतात, आणि हा फरक आवरणातील कोलेस्टेरॉलच्या प्रमाणाशी जोडलेला आहे. हा तपशील गोठ्याच्या दृष्टीने मोलाचा आहे. वरचा थर शाबूत असेल, तर ट्रूपेरेला फारसे काही करू शकत नाही. व्याल्यानंतर तो थर जागोजागी सोललेलाच असतो. त्यात अडलेले वासरू जोर लावून ओढले, किंवा लोंबणारी वार हात घालून उपटली, तर खालच्या कोवळ्या पेशी विषापुढे उघड्या पडतात. वार ओढून काढू नये, हे पशुवैद्यक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. ऐकणाऱ्याला ती सबुरीची गोष्ट वाटते, पण तिच्यामागे आता पेशीच्या पातळीवरील कारण उभे आहे.

प्रतिकार आणि सहनशीलता

इथपर्यंत आल्यावर शेल्डन यांच्या गटाने प्रश्नाची मांडणीच बदलली. गायीने जिवाणू मारणे म्हणजे प्रतिकार. जिवाणू असतानाही स्वतःच्या ऊतींचे नुकसान मर्यादित ठेवणे ही वेगळी क्षमता आहे. तिला ते सहनशीलता म्हणतात. जवळपास सगळ्याच गायींच्या गर्भाशयात जिवाणू शिरत असतील आणि आजारी मात्र काहीच पडत असतील, तर फरक केवळ मारण्याच्या ताकदीत नसावा, असा त्यांचा युक्तिवाद आहे. मला तो पटतो. मात्र सहनशीलतेचे पुरावे बरेचसे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरून आलेले आहेत, हे विसरता कामा नये.

दोन्ही क्षमतांना ऊर्जा लागते, आणि नेमक्या त्याच काळात गायीकडे ऊर्जा नसते. जास्त दूध देणारी गाय व्याल्यावर जेवढे खाते, त्यापेक्षा जास्त दुधातून बाहेर टाकते. ग्लुकोज कासेकडे वळते, अंगावरील चरबी वितळते, कीटोन वाढतात. २०१६ मध्ये स्वान्सीच्या गटाने दाखवले की ग्लुकोज कमी पडल्यास गर्भाशयाच्या अस्तराचा लिपोपॉलीसॅकराइडला मिळणारा प्रतिसादच क्षीण होतो. पहारेकरी जागा असतो, पण उपाशी असतो.

याहून मागे जाणारा एक अभ्यास आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यातील एम्स येथील राष्ट्रीय पशुरोग केंद्रात किमुरा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवले की ज्या गायींची वार अडकली, त्यांच्या न्यूट्रोफिल पेशींची वारेच्या ऊतींकडे धावण्याची क्षमता गाय व्यायच्या आधीपासूनच कमी होती, आणि रक्तातील इंटरल्युकिन-८ हा पेशींना बोलावणारा घटकही कमी होता. वार सुटणे हे केवळ गर्भाशयाच्या आकुंचनाचे काम नसून रोगप्रतिकारक यंत्रणेचेही काम आहे. वार अडकली म्हणून रोगप्रतिकारशक्ती घटली असे नव्हे, तर ती आधीच घटलेली होती म्हणून वार अडकली. या प्रकरणाची सुरुवात मग व्याल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात नव्हे, तर भाकड काळाच्या शेवटच्या पंधरवड्यात मांडावी लागते.

इथल्या गोठ्यातून पाहताना

गायींवरचे यातील बरेचसे संशोधन होल्स्टीन गायींवर झाले आहे, आणि महाराष्ट्रातील संकरित कळपात त्याच गायींचे रक्त आहे. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचनला बाएफची स्थापना केली, आणि होल्स्टीन व जर्सी वळूंच्या गोठीत वीर्याने कृत्रिम रेतन गावोगाव पोहोचवण्यात या संस्थेचा मोठा वाटा राहिला. दुधासोबत व्याल्यानंतरची ऊर्जेची तूटही आपल्या गोठ्यात आली. तूट भरून काढणारी वैरण, भाकड काळातील खुराकाचे नियोजन आणि व्याल्यानंतरची नियमित तपासणी मात्र तितक्या वेगाने आली नाही.

उपचारांबाबत माझे मत संशोधनाच्या आधारे थोडे कठोर झाले आहे. तीव्र गर्भाशयदाहात, ताप असताना, प्रतिजैविक हवेच, आणि ते पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, दूध वेगळे ठेवण्याचा काळ पाळून द्यायला हवे. पण उलटणाऱ्या प्रत्येक गायीच्या गर्भाशयात सरसकट औषध सोडणे, ही सवय या संशोधनाशी जुळत नाही. पीतपिंड असताना प्रोस्टाग्लँडिनचे इंजेक्शन देण्यामागे तर्क आहे: गाय माजावर येते, प्रोजेस्टेरॉन उतरते, गर्भाशय आकुंचन पावते. पीतपिंड नसताना तेच इंजेक्शन देण्यामागे तसा तर्क उरत नाही. ज्या औषधाने जिवाणू मरतो, ते औषध अनेक आठवड्यांपूर्वी पुटकाला बसलेला धक्का काढून घेऊ शकत नाही.

लसीची आशा पूर्णपणे फोल नाही. कॉर्नेलमध्ये २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ई. कोलाय, फ्युसोबॅक्टेरियम आणि ट्रूपेरेला यांचे घटक असलेली लस त्वचेखाली दिल्यावर तीव्र गर्भाशयदाह कमी झाला. योनीमार्गे दिलेल्या लसीने तो परिणाम साधला नाही. तरीही प्रयोगातील यश आणि बाजारात मिळणारी बाटली यांत बरेच अंतर असते.

बीजाची आठवण

सर्वांत अस्वस्थ करणारा भाग शेवटी ठेवला आहे. आज सुटणारे बीज ज्या पुटकात आहे, ते पुटक अनेक आठवडे आधी वाढू लागलेले असते. जॅक ब्रिट यांनी १९९२ मध्येच सुचवले होते की व्याल्यानंतरच्या ऊर्जेच्या तुटीच्या काळात वाढणाऱ्या पुटकांतील बीजे पुढे कमकुवत निघत असावीत. जॉन ब्रॉमफील्ड स्वान्सीत असताना त्यांनी आणि शेल्डन यांनी २०१३ मध्ये दाखवले की लिपोपॉलीसॅकराइडमुळे अंडाशयातील अगदी प्राथमिक, निद्रिस्त पुटकांचा साठाही घटतो. पुढे फ्लोरिडा विद्यापीठात ब्रॉमफील्ड यांच्या गटाने दुभत्या नसलेल्या गायींच्या गर्भाशयात मुद्दाम जिवाणू सोडून दाह घडवला, काही आठवड्यांनी त्यांची बीजे काढून प्रयोगशाळेत फलित केली, आणि त्यांपासून भ्रूण वाढण्याचे प्रमाण कमी आढळले. गायी दुभत्या नसल्यामुळे दुधासाठीच्या ऊर्जेच्या तुटीचे कारण इथे देता येत नव्हते.

म्हणजे दोष बीजाचा, असे म्हणून प्रकरण मिटवता आले असते. पण फ्लोरिडातूनच २०१६ मध्ये रिबेरो आणि सहकाऱ्यांनी मोठ्या संख्येने गायींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा व्याल्यानंतर आजारी पडलेल्या गायींत बाहेरून निरोगी भ्रूण बसवले तरी गाभण राहण्याचे व विण्याचे प्रमाण कमीच आढळले, आणि हा परिणाम चार महिन्यांहूनही अधिक काळ रेंगाळत होता. बीज दुसऱ्या गायीचे होते, त्यामुळे उरलेला दोष गर्भाशयाचा होता, आणि ते गर्भाशय तोवर पू, ताप, दुर्गंध या कोणत्याच खुणा दाखवत नव्हते. त्याच्या अस्तरात काय बदललेले राहते, याचा शोध आता सुरू आहे. तोवर तिसऱ्यांदा उलटलेल्या गायीच्या नोंदवहीत रेतनाच्या तारखांच्या वर, व्याल्यानंतरच्या पहिल्या २१ दिवसांत ताप किती होता, वार केव्हा पडली आणि स्राव कसा होता, एवढे तरी लिहिलेले असावे.